शुद्ध कापूर

"काकाजी, नवीन नको. मागल्या वेळी आईनं नेला होता ना, तोच कापूर द्या," उर्वशी म्हणाली.

पांढुर्ण्याच्या बाजारात गुणवंताचं पूजेच्या सामानाचं दुकान. बायांची ही गर्दी. गुणवंतानं आधी बायांकडे पाहिलं, मग उर्वशीकडे, आणि एक कोरं करकरीत पाकीट पुढे सरकवलं. "तो संपला. हा घे. एकदम शुद्ध."

शुद्ध! तोच तर उर्वशीला नको होता. नागपूरच्या प्रयोगशाळेत ती भट्टीतल्या तांब्याच्या पत्र्यावर कापराची वाफ सोडते. वाफेतल्या कार्बनची पत्र्यावर साय धरते, एका अणूच्या जाडीची. विजेच्या बारीक यंत्रांसाठी ही साय एकपदरीच लागते. दोन पदर झाले की मुसळ केरात. प्रयोगशाळेच्या महागड्या, शुद्ध कापरानं तीन वर्षं नुसती ठिगळं दिली. एकदा तो संपला म्हणून तिनं आईनं दिलेला पूजेचा कापूर टाकला, आणि लेझरखाली पाहते तर काय, अख्ख्या पत्र्यावर एकच पदर! सर म्हणाले, पुन्हा करून दाखव, नाहीतर पीएचडी विसर. पण आईचं पाकीट तर संपलेलं. त्या कापरात काहीतरी मिसळलेलं होतं आणि सगळी करामत त्या मिसळलेल्याची होती, एवढं तिला कळलं होतं. काय मिसळलं होतं, ते गुणवंतालाच ठाऊक.

"काकाजी, तुमी त्याच्यात काय टाकत होते?"

नारळ कानाशी हलवणाऱ्या वत्सलाबाईंचा हात तसाच राहिला.

"माह्या दुकानात मिलावट?" गुणवंता कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला. "चंडीमातेची आन, पोरी!"

"मी तक्रार नाही करून राहिली जी. मले तोच पाहिजे. मिलावटवाला."

आता चारचौघांत असं विचारल्यावर कोणता दुकानदार हो म्हणेल? पोरगी शिकली, पण बाजार शिकली नाही. तिच्याही ते ध्यानात आलं. ती गल्ल्याच्या कोपऱ्याशी सरकली आणि हळू आवाजात म्हणाली, "माहं सारं शिक्षण त्याच्यावर अडून आहे, काकाजी. कोणाले सांगत नाही. पाया पडते."

गुणवंता तिच्या कानाशी वाकला. "तुह्या आईनंच सांगतलं मले, पोरीनं तुमचा कापूर मशीनवर तपासला म्हणून. माहा तं जीवच उडाला. त्याच दिवशी सारा माल जाम नदीत सोडला. देणाऱ्या फेरीवाल्याले हाकलून लावलं. तो कोठचा, काय मिसळे, मले काय मालूम!"

आईनं ते कौतुकानं सांगितलं होतं. पण चोराच्या मनात चांदणं.

गुणवंता ताठ उभा राहिला आणि बायांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "या, साऱ्याजणी पाहा!" त्यानं नव्या पाकिटातली एक वडी पितळी ताटलीत ठेवली नि काडी लावली. ज्योत भसकन उठली, जराशी नाचली, विझली.

"पाह्य बरं, उर्वशी. काही मागे राह्यलं?"

ताटली लखलखीत होती. बायांनी माना डोलावल्या. वत्सलाबाईंनी तर दोन पाकिटं मागितली. उर्वशी त्या रिकाम्या ताटलीत वाकून पाहत राहिली.

"नाही जी, काकाजी," ती म्हणाली. "काहीच नाही राह्यलं."