सहा मिनिटांचं चालणं

"त्या बाईले सांग, आज डावा गुडघा दुखी ऱ्हायना," बन्सीलाल चौधरी भरतला म्हणाले.

ती बाई त्यांच्यापासून चार हातांवर उभी होती. हेमांगीने ऐकलं आणि कागदावर लिहून घेतलं. डावा गुडघा. तिचा मदतनीस भरत, त्याने निरोप पोचवायची तसदी घेतली नाही. म्हातारा बाईमाणसाशी थेट बोलत नाही, हे त्याने पहिल्याच खेपेला ओळखलं होतं.

"काका, बाई काय चावस का?" तो दर महिन्याला विचारायचा, आणि दर महिन्याला एकटाच हसायचा.

संशोधन तसं साधं होतं. हृदयाचं दुखणं होऊन गेलेल्यांना रोज चालायला लावायचं आणि सहा मिनिटांत ते किती अंतर कापतात, ते महिन्यातून एकदा मोजायचं. तापीकाठची सहा गावं निवडली होती. या गावाला शहाद्याहून एसटी दिवसातून दोनदा, तीही तिच्या मनात आलं तर. त्यामुळे हे गाव कुणालाच नको होतं. हेमांगीने घेतलं.

बन्सीलाल म्हणजे क्रमांक एक्केचाळीस. पहिल्या खेपेला त्यांनी साफ नकार दिला होता. केळीच्या बागेत काय कमी चालतो का, म्हणाले, आणि खाटेवरून हललेही नाहीत. भरत सामान आवरायला लागला. हेमांगी गाडीतून उतरून त्याच्या मदतीला आली. तेवढ्यात म्हातारा आपला आपण उठून मोजायच्या दोरीपाशी हजर. लहरीला औषध नाही, असं भरतचं मत पडलं.

आज सहावी खेप, आणि शेवटची. यापुढे इथे कुणी येणार नव्हतं.

बन्सीलालांच्या बायकोने, तापीबाईंनी, भरतच्या हाती चहा दिला. दुसरा कप ओट्याच्या कडेला ठेवला, हेमांगीच्या हाताशी येईल असा. बोलल्या मात्र भरतशीच.

"तुमी येतस म्हनीसन हाऊ चालस. डाक्टर सांगस, चालनं बंद तर माणूस बंद. आते आजपाईन कोन चालाडी याले?"

"तुमी चालाडा, काकू."

"मन्हं कोन आयकस?"

समोरच्या ओट्यावर समाजाचे पंच चुनीलाल बसले होते. त्यांचं हृदय ठणठणीत होतं, पण तपासणीचा एकही दिवस त्यांनी चुकवला नव्हता. रिकामा माणूस, दुसरं काय करणार.

हेमांगीने गल्लीत तीस मीटरची दोरी टाकली आणि दोन्ही टोकांना नारिंगी शंकू ठेवले. चाचणीचा नियम कडक होता. चालणाऱ्याशी ठरलेल्या वाक्यांपलीकडे एक शब्द बोलायचा नाही. मायेने दोन शब्द बोललं तर माणूस जास्त चालतो आणि आकडा खोटा ठरतो. हेमांगीला हा नियम बरा वाटे. काय बोलावं, हा प्रश्नच मिटतो.

"चला," ती म्हणाली.

बन्सीलाल निघाले. पांढरा सदरा कडक इस्त्रीचा होता, टोपीही नवी. पाय उचलत होते, डावा जरा ओढत.

"छान चालताय. पाच मिनिटं राहिली."

ही वाक्यं तिने गावोगावी शेकडो वेळा म्हटली होती. सुरुवातीला या गल्लीत म्हणताना ती नजर कागदावरच ठेवायची. मग तेही थांबलं. आता काहीच वाटत नव्हतं, आणि काही वाटत नाही याचंही तिला काही वाटत नव्हतं.

"छान चालताय. अर्धा वेळ झाला."

त्यांच्या कपाळावर घाम आला. बसा जरा, असं तिच्या अगदी ओठांवर आलं. पण ते ठरलेल्या वाक्यांत नव्हतं.

घड्याळ वाजलं. "थांबा," ती म्हणाली.

बन्सीलाल थांबले नाहीत. शंकूला वळसा घालून पुन्हा निघाले.

"काका, व्हयनं! थांबा!" भरत ओरडला.

समोर चुनीलाल खाकरले. बन्सीलालांनी ती फेरी पुरी केली आणि मगच खाटेवर बसले. वेळेनंतरचं अंतर धरत नाहीत. हेमांगीने चारशे दोन मीटर लिहिलं. पहिल्या खेपेला दोनशे सत्तर होते.

मग शेवटचा कागद. दर महिन्याच्या कागदावर नुसती सही पुरायची. हा मोठा होता, आणि भरून झाल्यावर भाग घेणाऱ्याला सगळा मोठ्याने वाचून दाखवायचा होता.

"यापुढे रोज चालणार का?"

"कोनासाठे?" बन्सीलाल भरतला म्हणाले.

कागदावर हो आणि नाही एवढीच घरं होती. तिने दोन्ही कोरी ठेवली.

"मुलं किती?"

या वेळी बन्सीलालांनी भरतकडे पाहिलं नाही. सहा महिन्यांत पहिल्यांदाच ते तिच्याकडे बघून बोलले.

"एक आंडोर शे, सुरतले. एक आंडेर व्हती. मरी गयी."

"मुलगी कधी गेली?"

"चार वरीस व्हयनात."

"कशाने?"

तापीबाई दारात पदराचं टोक चावत उभ्या होत्या.

"लगीन करं तिनी."

"लगीन करीसन कोनी मरस का, काका?" भरत हसला. यावेळीही एकटाच.

हेमांगीने लिहिलं. मुलगी एक, मृत. कारण, लग्न. उरलेला एक रकाना भरून तिने टोपण लावलं आणि नियमाप्रमाणे वाचायला सुरुवात केली. आवाज समोरच्या ओट्यापर्यंत पोचत होता. वजन, नाडी, चारशे दोन मीटर, मुलगा एक, मुलगी एक, मृत. बन्सीलाल मान खाली घालून ऐकत होते. ती शेवटच्या ओळीवर आली.

"तपासणी करणाऱ्याचं पूर्ण नाव," तिने वाचलं, "हेमांगी बन्सीलाल चौधरी."