पहिलं कलम

बांगलादेशाच्या नव्या घटनेवर वाद चाललेत, अशी बातमी रेडिओवर लागली. सासऱ्यांना वाढता वाढता मनकर्णा म्हणाली, "मामा, आपल्या घराचीबी घटना करू की. पहिलं कलम, बायांनी बाप्यांसंगंच जेवायचं."

"मग भाकरी कोन थापनार?" मामांनी विचारलं.

सासू बायडाबाई तर पार विरोधात. "आमी शेवटी जेवूनच म्हाताऱ्या झालो. काय बिघडलं?"

आठवडाभर वाद झाला, मग तडजोड. सासू-सुनेनं पाळीपाळीनं थापायचं. जिची पाळी नसेल तिनं सगळ्यांसंगं बसायचं. भांडी घासायचं कलम मात्र पुढं ढकललं.

पहिली पाळी मनकर्णेची. बायडाबाई तोंड वाकडं करून पानावर बसल्या. मनकर्णेनं तव्यावरची भाकरी त्यांच्या ताटात टाकली. त्या पहिलाच घास बराच वेळ चावत राहिल्या.

"गरम भाकरी अशी लागती व्हय?"