बुधवारची चाचणी

दर बुधवारी दुपारी बारा वाजता युलिसचा जनरेटर आपोआप सुरू होई, घराला वीज न देता, बारा मिनिटे भाराविना चाले आणि आपला आपण थांबे. त्याच्या बायकोचे, ओदीलचे, श्वासयंत्र विजेवर चालणारे, आणि उद्या वादळ लुइझियानाच्या किनाऱ्यावर येऊन आदळणार होते. म्हणून आजच्या चाचणीला तो झाकणावर तळहात टेकून, कान देऊन उभा होता.

चौथ्या मिनिटाला इंजिनाचा आवाज एकाएकी जड झाला. भार पडल्यावाचून तो तसा होत नाही. पण घर तर नेहमीच्या विजेवर चालले होते, आणि सकाळी तेल बदलताना जनरेटरकडून घरात जाणारा खटका त्याने स्वतः बंद करून ठेवला होता.

"अरे युलिस," ओदीलने खिडकीतून हाक मारली, "त्रोस्क्लेरांकडे एसी कुणी लावला रे?"

"खुळी की काय तू! तिथे घर कुठाय एसी लावायला?"

"मग तूच ऐक की, बहिऱ्या!"

त्याने ऐकले. गेल्या वादळाने शेजारच्या त्रोस्क्लेर नवरा-बायकोसकट त्यांचे घर नेले होते. ज्यांवर ते घर उभे होते, ते आठ उघडे खांब तेवढे उरले होते. त्या खांबांच्या वर, जिथे पूर्वी खिडकी होती तिथून, एसीची घरघर स्पष्ट येत होती. ती चढली की इंजिन कण्हत होते.

युलिसने घाईघाईने इंजिन बंद केले.

घरघर थांबली नाही. आता घरात, ओदीलच्या उशाशी, तिचे श्वासयंत्र कण्हू लागले.