एरलेंडची धून

कॉग सिगर्डच्या हातात आला, तशी थोराने मान खाली घालून व्हायोलिनच्या तारा उगाचच जुळवायला घेतल्या.

गरम बिअर आणि व्हिस्कीने भरलेलं ते लाकडी भांडं ऑर्कनी बेटांवरच्या लग्नात हातोहात फिरतं. सगळ्यांनी त्यातूनच प्यायचं. त्यात शेजारच्यानेच डावललं, तर पुढे बोलायला काही उरत नाही. आणि थोराच्या शेजारी बसला होता म्हातारा सिगर्ड फ्लेट. वर्षानुवर्षं तो अकॉर्डियन वाजवायचा, ती व्हायोलिन. पण तिची कादंबरी आल्यापासून त्याने तिच्याशी अवाक्षर काढलं नव्हतं. पबमधल्या गुरुवारच्या मैफलीतूनही तो अर्ध्यातच उठून जाई.

चूक तिचीच होती. मासेमारीला गेलेला आणि परत न आलेला सिगर्डचा भाऊ एरलेंड तिने कादंबरीत घेतला होता, तोही नावानिशी. सिगर्डला विचारायचं धाडस काही झालं नाही. वर शेवटच्या पानावर एरलेंडसाठी स्वतः बांधलेली धूनही तिने स्वरलिपीत छापली. पण ती वाजवायला तिचा हात कधी उचलला नाही. सिगर्डला तर स्वरलिपीचा गंधही नव्हता. "कागद बघून वाजवतो तो कारकून," असं तो जन्मभर हिणवत आला होता.

सिगर्डने घोट घेतला, मिशा पुसल्या आणि कॉग पुढे न करता खाली आपल्या पायाशी ठेवला.

"काका, माझं चुकलं," ती पुटपुटली. "आधी विचारायला हवं होतं मी."

"हवंच होतं. आता जरा गप बस, मला धड आठवू दे."

त्याने अकॉर्डियन मांडीवर घेतलं. एक सूर निघाला, दुसरा घसरला, पुन्हा पकडला. ज्याच्या तालावर अख्खं गाव नाचायचं, तो माणूस बाराखडी गिरवणाऱ्या पोरासारखा अडखळत होता. वऱ्हाडी एकमेकांकडे बघू लागले. थोराला मात्र सुरांची ओळख पटली. एरलेंडची धून तिने कागदाबाहेर पहिल्यांदाच ऐकली. कितीतरी दिवसांनी तिला मोकळा श्वास घेता आला, आणि डोळे आपोआप वाहू लागले.

धून संपवून सिगर्डने कॉग उचलला आणि तिच्या हातात दिला.

"दर गुरुवारी शाळेतल्या संगीताच्या बाईंकडे शिकायला जात होतो," तो म्हणाला. "कारकुनाला जमलं का गं?"