मागचं चाक

दादाने त्याच्या बीएमएक्स सायकलला कधी ब्रेक लावूच दिले नाहीत. थांबायचं झालं की तो बुटाचा तळवा मागच्या टायरवर दाबायचा. उताराखालच्या भिंतीवर आदळून तो गेला, त्याला तीस वर्षं झाली.

आता ती सायकल मी ब्रेक बसवून चालवायला काढली आणि त्या ब्रेकने माझा जीव खाल्ला. केबल बदलली, लिव्हर बदलली, रबरं तर तीनदा बदलली. तरी क्रोमच्या गुळगुळीत रिंगवर रबर नुसतं घसरतं.

"जोरात दाबा की!" मेकॅनिककाका म्हणाले.

"बोटं सुजली माझी दाबून दाबून!"

शेवटी वैतागून त्यांनी सायकल स्टँडवर टांगली, मागचा अख्खा ब्रेक उतरवून माझ्या हातात कोंबला आणि चाक जोरात फिरवलं.

चाक गरगरलं. मग खर्रर्र झालं आणि ते जागच्या जागी थांबलं.

"बेअरिंग गेलं असेल," काका पुटपुटले. त्यांनी पुन्हा फिरवलं. पुन्हा खर्रर्र. या वेळी जळक्या रबराचा वासही आला.

काका चाकाच्या आसाशी वाकले, पाना लावला आणि मान वर न करता खेकसले, "ताई, टायरवरचा पाय काढा आधी!"

मी ब्रेक हातात धरून चार हात लांब, दुकानाच्या दारात उभी होते.