मुठीजवळची धार

काकांच्या डोळ्यांनी दगा दिला, तेव्हा काकू नाइलाजाने सुरी घेऊन धारवाल्याच्या दुकानात गेल्या. तीस वर्षं काकाच ती घरच्या दगडावर घासून देत. परक्याच्या हाती द्यायला काकूंचा जीव होईना. यंत्रावर धरून त्याने पातंच झिजवून टाकलं म्हणजे?

"आणि अर्धवट काम नको हं," त्यांनी बजावलं. "आमच्याकडे मुठीजवळ अंगठाभर कायम बोथट राहतं. कितीदा बोलले, पण हे नुसते हसतात. शेवटाला आलं की कंटाळतात, दुसरं काय!"

धारवाल्याने सुरी उजेडात धरली, पात्यावरून हलकेच बोट फिरवलं आणि चालू केलेलं यंत्र बंद केलं.

"काकू, हे राहून गेलेलं नाही. इथली धार दर खेपेला मुद्दाम मारलीय, कानशीने, अगदी गुळगुळीत. बाकीच्या पात्यापेक्षा एवढ्याशालाच जास्त वेळ लागला असेल. तुम्ही चिरताना सुरी कशी धरता, दाखवा बघू."

काकूंनी सुरी धरली. पहिलं बोट सवयीने मुठीवरून पुढे घसरलं, पात्याखाली वळलं आणि नेमकं त्या बोथट जागी जाऊन टेकलं.

"लावू तिथे धार?"

काकूंनी मानेनेच नको म्हटलं. त्या बोटावर तीस वर्षांत साधा ओरखडाही उठला नव्हता, आणि आजवर त्या ते आपल्या हाताचं कसब समजत आल्या होत्या.