ठिपकीची हजेरी

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि खुराड्यासमोर खुर्ची टाकून बसलेले एक निवृत्त मास्तर नजरेपुढे आणा. त्यांची शाळा सुटली, पण सवय सुटली नव्हती. रोज दिवेलागणीला ते आपल्या पाच कोंबड्यांची हजेरी घ्यायचे. ठिपकी, लंगडी असं एकेक नाव पुकारलं की काळोख्या खुराड्यातून एकेक "कुक्" यायचं.

एका संध्याकाळी ठिपकीने ओ दिलीच नाही. मास्तर दुखरा गुडघा घेऊन कुंपणाकडेची झुडपं धुंडाळत राहिले आणि ठेच लागून पडले. सकाळी त्यांच्या नातीला तिथेच मुंगसाने टाकलेली पिसं दिसली. तिने ती गुपचूप दप्तरात लपवली आणि संध्याकाळी खुराड्यामागे दडून बसली.

"ठिपकी?"

"कुक्."

"हजर," म्हणत आजोबा घरात गेले. आठवडाभर हे असंच चाललं. दिवसा आजोबा जाळीला खिळे ठोकायचे, मुंगसाने उकरलेल्या खड्ड्यात विटा भरायचे.

आठव्या संध्याकाळी मात्र त्यांनी एकही नाव पुकारलं नाही. मग म्हणाले, "बाहेर ये गं, ठिपके. डास चावतील."

नात मान खाली घालून समोर आली. "आजोबा, तुम्हाला ठाऊक होतं?"

"चाळीस वर्षं मास्तरकी केली. खोटी हजेरी मला कळत नाही होय?" त्यांनी गुडघा चोळला. "आज मुंगसाने लंगडीलाही नेलं बघ. थकलो गं मी. उद्यापासून तिचीही ओ तूच दे. तिचा आवाज जरा घोगरा होता."

नातीने डोळे पुसले, घसा खाकरला आणि ती पुन्हा खुराड्यामागे जाऊन बसली.